स्किझोफ्रेनिया झाला म्हणजे आयुष्य संपलं?

‘एकदा स्किझोफ्रेनिया झाला की माणूस कामातून गेला’ हे या गंभीर मानसिक आजाराबद्दल सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. अमेरिकेत व्हरमाँटच्या सरकारी मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं काढलेल्या रुग्णांना सुमारे ३० वर्षांनी पुन्हा गाठलं, तेव्हा निम्मे ते दोन तृतीयांश जण बरे झाले होते किंवा बरेच सुधारले होते. हे निष्कर्ष १९८७ सालीच छापून आलेत! चेन्नईतही पहिल्या झटक्यापासून १० वर्षं पाहिलेल्या रुग्णांत बहुतेकांची वाटचाल चांगली होती.

मात्र या आजारात कानात ऐकू येणारे भासाचे आवाज थांबले तरी सकाळी उठवत नाही, आंघोळ नको वाटते. घरचे म्हणतात, ‘आळशी झालाय.’ तो आळस नसतो, आजाराचाच भाग असतो. अशा वेळी टोमणे नकोत, छोटी कामं सोपवा. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. आजार उलटतो तो बहुतेकदा तिथेच.