सुषिर वाद्ये व वायुवेगमापके (सोलापूर परिसर)

फुंकून वाजवायची वाद्ये आणि वाऱ्याचा वेग व दिशा मोजणारी उपकरणे यांची ही एकत्र नोंद. नळी, दाब आणि कंपन यांचे नियम दोन्हींना सारखेच लागू होतात.

नाट्यशास्त्रातल्या तत, अवनद्ध, घन आणि सुषिर या चार वर्गांपैकी फुंकवाद्ये सुषिरात मोडतात. सोलापुरात ती सर्वांत जास्त ऐकू येतात संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत. सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हलगी आणि बँडच्या गजरात सनई असते. बँडवाल्यांची क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बाहेरून आली खरी, पण वरातीत त्यांना आता कोणी पाहुणे समजत नाही.

या भागाचे खास वाद्य मात्र सुंद्री. जात सनईची, पण लांबीला बरीच आखूड आणि आवाजाने चढी. अक्कलकोट संस्थानच्या आश्रयाने ती वाढली. सोलापूरच्या जाधव घराण्याने, विशेषतः पं. सिद्राम जाधव यांनी, तिला मैफलीत मान मिळवून दिला. नळी आखूड म्हणून भोके जवळजवळ, त्यामुळे बोट जरा सरकले तरी स्वर हलतो. सनई हातात बसलेल्या वादकालाही सुंद्री वेगळी शिकावी लागते, ती यामुळेच.

दोन्हींचा जीव पत्तीत, म्हणजे तोंडात धरायच्या पातळ दुहेरी पात्यात. वाजवण्याआधी वादक ती तोंडात धरून ओली करतो. कोरडी पत्ती नीट बोलत नाही. फुंकीने पत्तीची फट सेकंदाला शेकडो वेळा उघडते-मिटते आणि नळीतली हवा थरथरते. यासाठी दाब चांगलाच लागतो. ओबो या पाश्चात्त्य पत्तीवाद्यात तोंडातला दाब काही हजार पास्कल असतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा अडवला तर मिळतात जेमतेम ६०. खुंटीला टांगलेली सनई वाऱ्याने आपोआप वाजत नाही, ती यासाठी. दमसास कमावलेला वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही.

सोलापूरचा उन्हाळाही वाद्यात शिरतो. १५ अंशांच्या पहाटे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, ४३ अंशांच्या दुपारी ३५६ च्या पुढे. एवढ्या फरकाने मोकळ्या नळीचा स्वर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. वादकाचा ऊबदार श्वास नळीत असल्याने प्रत्यक्षात फरक त्याहून कमी पडतो, पण पेटीशी जुळवून घेताना तो जाणवतो. गिरण्यांच्या काळात पाळ्यांची वेळ सांगणारा भोंगाही याच कुळातला. फुंकर तेवढी वाफेची.

वारा मोजण्याचे सर्वपरिचित साधन म्हणजे फिरत्या वाट्यांचे. आयरिश खगोलशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये ते चार वाट्यांचे केले. पुढे तीन वाट्या रूढ झाल्या. होटगी रस्त्यावरच्या विमानतळासारख्या ठिकाणी विंडसॉक, म्हणजे खांबावर फुगणारी कापडी नळी, दिशा आणि जोराचा अंदाज एका नजरेत देतो. इंग्रज हवामानतज्ज्ञ डाइन्स यांच्या १८९२ च्या उपकरणात वाऱ्याकडे तोंड केलेल्या नळीतला दाब मोजतात. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून मंद वाऱ्यात ते फारसे उपयोगी नाही.

स्वरावरूनही वेग काढता येतो. चेक शास्त्रज्ञ स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांचा अभ्यास केला. ५ मिलिमीटर जाडीच्या तारेवरून सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा गेला, तर सुमारे ४०० हर्ट्‌झचा स्वर उमटतो; वेग दुप्पट झाल्यास स्वर सप्तकभर वर जातो. आजचे ध्वनिवायुमापक समोरासमोरच्या दोन टोकांत कानाला न ऐकू येणारा ध्वनी दोन्ही दिशांनी पाठवते. वाऱ्याबरोबर जाणारा लवकर पोहोचतो, विरुद्ध जाणारा उशिरा. त्या फरकातून वेग कळतो आणि दोन्ही वेळा मिळून हवेचे तापमानही.

सोलापूर पर्जन्यछायेत येते. म्हणूनच पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग या परिसरात केले. पावसाळ्यात इथे पश्चिमेकडचा वारा जोरात वाहतो. तो मोजायचा तर मापक मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटर उंचीवर, झाड किंवा इमारतीपासून तिच्या उंचीच्या किमान दसपट अंतरावर ठेवावे, असा संकेत आहे. शहराच्या दाट पेठेत एवढी जागा कुठून मिळणार? गच्चीवर बसवलेले हौशी यंत्र शेजारच्या भिंतीने वळवलेला वाराच मोजते, आणि त्याचा आकडा वेधशाळेच्या आकड्याशी जुळत नाही.