वृत्तपत्रीय छायाचित्रावरील मुद्राचित्र

वृत्तपत्रात छापून आलेले छायाचित्र, मथळा किंवा आख्खे पान घेऊन, ते मोठे करून, रंग बदलून वा कापून-जोडून नव्याने छापलेली कलाकृती. यासाठी बहुधा सिल्कस्क्रीन (चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापणे) किंवा ऑफसेट लिथोग्राफी (पत्र्यावरची शाई रबरी रुळावरून कागदावर उतरवणे) वापरतात.

वृत्तपत्रातले छायाचित्र म्हणजे शाईच्या ठिपक्यांची रांगोळीच. गडद जागी ठिपके मोठे, उजळ जागी बारीक. यालाच हाफटोन म्हणतात. स्वस्त कागदावर शाई पसरते, म्हणून वृत्तपत्रात ठिपक्यांची जाळी जाड ठेवतात, इंचाला साधारण ८५ ते १०० रेषा, म्हणजे ठिपक्यांच्या रांगा. असे कात्रण दहापट मोठे केले की जवळून नुसते ठिपके दिसतात आणि चार पावले मागे सरल्यावर चेहरा ओळखू येतो. छापील चित्रावर पुन्हा हाफटोन केला तर दोन जाळ्या एकमेकींवर येऊन लाटांसारखी नक्षी उमटते. छापखान्यात हा दोष; मुद्राचित्रकार मात्र पुष्कळदा ती मुद्दाम राखतो.

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९६२ मध्ये ४ जूनच्या ‘न्यूयॉर्क मिरर’ या वृत्तपत्राचे पहिले पान हाताने रंगवले. पॅरिसजवळच्या विमान अपघातात १२९ ठार, हा त्यावरचा मथळा. मृतांचा अंतिम आकडा १३० ठरला. चित्रात १२९च राहिला. त्याच वर्षी ते सिल्कस्क्रीनकडे वळले आणि पुढे अपघात, दंगलींची छायाचित्रे त्यांनी सिल्कस्क्रीनने छापली. ब्रिटिश चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांनी १९६८ मध्ये एका खटल्याच्या बातम्यांची कात्रणे जुळवून ऑफसेट लिथोग्राफीत पोस्टर केले.

सांगलीत या प्रकाराला सामग्री शोधावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. रोजच्या अंकात नवा आकडा येई. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ बोट उलटली, तेव्हाही मृतांचा आकडा पुढच्या अंकांत वाढत गेला. म्हणून असे मुद्राचित्र करताना अंकाची तारीख कापून टाकू नये. तारीख गेली की तो आकडा खोटा ठरतो, आणि पुराचे चित्र कुठल्याही गावचे होते. मृतांचे चेहरे मोठे करून छापण्यापूर्वी त्यांच्या घरच्यांना विचारणे तर किमान कर्तव्य.

कामाला मोठे यंत्र लागत नाही. लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणाऱ्या दुकानातली चौकट, जाळी, इमल्शन (जाळीवर चित्र उतरवण्यासाठी लावायचा प्रकाशसंवेदी लेप) आणि स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) पुरते. कागद मात्र आम्लविरहित हवा, कारण वृत्तपत्राचा कागद काही महिन्यांतच पिवळा पडू लागतो. प्रतीचा क्रमांक व सही खाली पेन्सिलीने करतात. भारतीय कायद्यात छायाचित्राचे स्वामित्व छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. तेव्हा हक्कधारकाची परवानगी घ्यावी आणि पाण्यात उभे राहून फोटो काढणाऱ्याचे नावही प्रतीवर छापावे.