आयकराचा कायदा ला फॉलेट यांचा नव्हे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचे पुरोगामी नेते रॉबर्ट ला फॉलेट यांनी गव्हर्नर असताना राज्याचा आयकर आणि कामगारांच्या अपघात-भरपाईचा कायदा आणला, असं अनेकदा सांगितलं जातं. ते खरं नाही. हे दोन्ही कायदे १९११ चे, गव्हर्नर फ्रान्सिस मॅकगव्हर्न यांच्या कारकिर्दीतले. ला फॉलेट १९०६ मध्येच गव्हर्नरपद सोडून सिनेटमध्ये गेले होते. त्यांनी वाट तयार केली हे मान्य, पण कायदे मंजूर करून घेणाऱ्यांचं नाव पुसलं जाणं मला अन्यायाचं वाटतं.

ला फॉलेट यांचं स्वतःचं कामही मोठं आहे. १८८० मध्ये, पंचविशीत, ते डेन काउंटीचे सरकारी वकील म्हणून निवडून आले. १९०१ मध्ये गव्हर्नर झाले. तोवर उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरत, म्हणजे बहुतेकदा पुढारीच ठरवत. ही निवड थेट मतदारांकडे सोपवणारा कायदा त्यांनी लढून आणला आणि १९०४ मध्ये जनतेनं तो मतदानानं मंजूर केला. बलाढ्य रेल्वे कंपन्यांवर त्यांनी मालमत्तेच्या किमतीनुसार कर बसवला. १९०५ मध्ये त्यांच्या दरांवर देखरेख ठेवणारा आयोगही आला.