घर सासूच्या नावावर, म्हणून सून रस्त्यावर?

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट सासूच्या नावावर, म्हणजे सुनेला त्या घरात राहायचा हक्कच नाही, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ही समजूत हवेतून आलेली नाही. बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच २००६ मध्ये असा अर्थ लावला होता. पण १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो चुकीचा ठरवला. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं 'सामायिक घर' मालकीवरून ठरत नाही. बाई तिथे संसार करून राहत होती का, हे बघतात. चार दिवसांचा पाहुणचार त्यात धरत नाहीत.

हा हक्क राहण्याचा, मालकीचा नव्हे. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची बाजूही न्यायालय ऐकतं. रीतसर कायदेशीर मार्गाने सुनेला बाहेर काढता येतं, कुलूप बदलून नाही. उलट याच कायद्याच्या कलम १९ खाली दंडाधिकारी नवऱ्यालाच घर सोडायला सांगू शकतात (सासू-नणंदेला मात्र नाही), किंवा त्याच तोडीचं दुसरं घर, नाहीतर भाडं द्यायला लावू शकतात. मारहाणीला कंटाळून बाई आधीच माहेरी गेली असेल, तरी अर्ज करता येतो.

अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही (या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेला अधिकारी) होतो. निकड असेल तर एकतर्फी अंतरिम आदेश, म्हणजे समोरच्याचं ऐकण्याआधीच तात्पुरता आदेश, मिळू शकतो. तिथे राहत असल्याचा पुरावा म्हणून त्या पत्त्याचं आधार कार्ड, मुलांचे शाळेचे कागद, गॅसचं पुस्तक यांचे फोटो वेळीच काढून बहिणीला पाठवून ठेवावेत. नवऱ्याच्या हाती लागणाऱ्या फोनवर ते नकोत.