हठ, अष्टांग, अय्यंगार ही वेगळी नावं आली कुठनं?

कोल्हापुरात राजारामपुरीत मावशीसाठी योगाचा क्लास शोधत होतो, तर प्रत्येक बोर्डावर वेगळं नाव, हठ, अष्टांग, अय्यंगार, पॉवर, आणि मावशी म्हटली, "अरे ह्यातलं माझ्या गुडघ्याला कुठलं चालंल?" याचं उत्तर द्यायचं तर जरा मागं जायला लागतंय.

पहिलं म्हणजे हठयोग हा काय वेगळा ब्रँड नाही. आसन-प्राणायामाची जुनी परंपराच ती, बाकीची नावं तिच्याच पोटातली. पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत आसनं फक्त 15 सांगितलीत, तीपण बरीचशी बसून करायची. मग आज उभं राहून घाम गाळत जे चालतं ते बरंचसं म्हैसूरचं. तिथल्या महाराजांनी 1933 मध्ये जगनमोहन पॅलेसमध्ये योगगुरू कृष्णम्माचार्यांना योगशाळा काढून दिली, शिकणारी पोरं तरणी, त्यामुळं श्वासाबरोबर एका आसनातनं दुसऱ्यात जायचं, मधे थांबायचं नाही असं शिकवणं. त्यांचे एक शिष्य पट्टाभी जोईस, त्यांनी तेच ठरलेल्या क्रमात बांधून अष्टांग विन्यास म्हणून पुढं चालवलं. पतंजलींचं यम-नियमापासनं समाधीपर्यंतचं अष्टांग निराळं, या नावामुळं लई घोटाळा होतो.

त्याच गुरूंचे दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार, गुरू म्हणजे त्यांच्या बहिणीचेच यजमान. लहानपणी क्षय, मलेरिया, टायफॉइड, सगळं होऊन गेलेलं. 1937 साली 18 वर्षांच्या या पोराला गुरूंनी पुण्याला धाडलं आणि तो पुण्याचाच झाला. आजारी शरीरावर शिकल्यामुळं त्यांचा जोर वेगावर नाही, पाऊल कुठं, खांदा कुठं, मग तिथंच थांबायचं, आणि जमत नसेल तर पट्टा, लाकडी ठोकळा, दोर, खुर्ची घ्यायची. एक गुरू, पण दोन शिष्यांच्या शरीरानं दोन वाटा काढल्या असं मला वाटतं.

आणि आपल्या भागातली गोष्ट तर कुणी सांगतच नाही. आज विन्यास असो की पॉवर, सुरुवात सूर्यनमस्कारानं, पण जुन्या हठयोगाच्या ग्रंथांत तो असा नाहीच. 1920 च्या दशकात त्याचा प्रसार केला साताऱ्याकडच्या औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, स्वतः घालून, शाळांतनं शिकवून, पुस्तक लिहून, आणि तेपण व्यायाम म्हणून. आपल्या तालमीत जोर-बैठका मारणाऱ्यांना तो परका नव्हता, फक्त त्याला योगा कुणी म्हणत नव्हतं. त्याच सुमारास, 1924 ला, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि योगक्रिया करताना शरीरात काय होतं ते एक्स-रे काढून बघायला लागले. औंध, लोणावळा, पुणे, एवढं सगळं महाराष्ट्रात घडलं आणि आपल्याच पोरांना माहीत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

मावशीला शेवटी अय्यंगार पद्धतीच्या क्लासला घातलं, डॉक्टरांना विचारून. खुर्ची धरून त्रिकोणासन करती आता.