निळ्या लाइटखाली तोंड तपासायची आयडिया आली कुठून?

अंधाऱ्या खोलीत पेशंटच्या तोंडात निळा प्रकाश मारायचा, डॉक्टरने फिल्टरमधून बघायचं, निरोगी त्वचा हिरवी दिसते आणि कॅन्सरची शंका घ्यावी असा भाग काळपट. मशीन नवीन वाटतं पण यामागचा विचार शंभर वर्षं जुना आहे, आणि गंमत म्हणजे सुरुवात बरोब्बर उलटी झाली होती, तेव्हा लोक कॅन्सरची गाठ चमकते का ते बघत होते.

१९२४ मध्ये फ्रान्समधल्या पोलिकार नावाच्या संशोधकाला वूड लॅम्पखाली (अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाचा दिवा) गाठींमध्ये लाल चमक दिसली. ती पॉर्फिरिनची, म्हणजे अशा प्रकाशात लाल चमकणाऱ्या एका रंगद्रव्याची होती, आणि हे पॉर्फिरिन गाठीत वाढलेल्या बॅक्टेरियामुळे येतं असं त्याचंच म्हणणं होतं, म्हणजे चमकतंय ते कॅन्सरच आहे का ही शंका पहिल्यापासूनच चिकटलेली. आजही दातांवरच्या प्लाकमध्ये आणि जिभेवर तसाच लाल रंग दिसतो. पुढे १९६० च्या सुमारास अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये हिमॅटोपॉर्फिरिनपासून बनवलेलं औषध शिरेतून देऊन गाठ चमकवायचे प्रयोग झाले, पण अशा औषधानंतर पेशंटला बरेच दिवस उन्हापासून जपावं लागतं, नुसत्या तपासणीसाठी एवढं कोण करणार.

खरं वळण कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये आलं. तिथल्या कॅन्सर संस्थेतले लोक फुप्फुसाच्या नळ्या निळ्या प्रकाशात बघत होते, कुठलंही औषध न देता, शरीराची स्वतःची जी चमक असते तेवढ्यावरच. त्या सिस्टमला १९९६ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. मग तीच कल्पना तोंडासाठी वापरून हातात धरायचं यंत्र बनलं, व्हेलस्कोप, ते २००६ च्या आसपास बाजारात आलं. साधारण ४०० ते ४६० नॅनोमीटरचा प्रकाश पडला की त्वचेखालचं कोलॅजन आणि पेशींमधलं एफएडी नावाचं रसायन हिरवट चमकतं, आणि कॅन्सरच्या वाटेवरच्या भागात कोलॅजनची वीण मोडलेली असते, रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात, रक्त प्रकाश गिळतं, म्हणून तिथे काळा डाग.

२००६ च्या पहिल्या अभ्यासात ४४ पेशंट होते आणि आकडे आले ९८ टक्के सेन्सिटिव्हिटी (आजार असलेले किती पकडले), १०० टक्के स्पेसिफिसिटी (निरोगी असलेले किती बरोबर ओळखले)!! मला विचाराल तर सगळा घोळ इथेच आहे, कारण त्यात एका बाजूला निरोगी त्वचा आणि दुसऱ्या बाजूला गंभीर डिस्प्लेशिया (कॅन्सरच्या आधीचे पेशींमधले बदल) किंवा कॅन्सर, मधलं काही नाहीच. रोजच्या ओपीडीत मात्र गाल चावलेला असतो, लायकेन प्लॅनस (तोंडातल्या त्वचेचा दाह होणारा एक आजार) असतो, नुसती सूज असते, आणि सूज म्हणजे जास्त रक्त, जास्त रक्त म्हणजे पुन्हा काळा डाग. म्हणून डॉक्टर तो भाग दाबून बघतात, रक्त बाजूला सरकून हिरवा रंग परत आला तर बहुतेक सूजच. पण हाही भरवशाचा उपाय नाही.

२०१७ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने स्पष्टच सांगितलं की संशयास्पद डाग दिसला तर असल्या साधनांवर निर्णय घेऊ नका, बायोप्सी करा, म्हणजे तुकडा काढून तपासा. मग एक आशा उरली होती ऑपरेशनची, नुसत्या डोळ्यांना दिसते त्या कडेच्या पलीकडे पसरलेला भाग या प्रकाशात दिसतो तर तेवढा जास्त कापला की कॅन्सर परत येणार नाही. कॅनडात साडेचारशेच्या वर पेशंटवर रँडमाइज्ड ट्रायल झाली, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकात कड या प्रकाशात ठरवली, दुसऱ्यात नेहमीसारखी, २०२० ला निकाल आला, दोन्ही गटांत त्याच जागी कॅन्सर परत यायचं प्रमाण जवळपास सारखंच.

तरी यंत्र अडगळीत गेलेलं नाही, मोठा पांढरा चट्टा असेल तर बायोप्सीचा तुकडा त्यातल्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यातून घ्यायचा हे ठरवायला बरेच जण ते अजून हातात घेतात.