प्लेटलेटमधील फरक ओळखणाऱ्या पद्धतींची पार्श्वभूमी

रक्ततपासणीच्या अहवालात प्लेटलेटची एकच संख्या छापलेली असते. निरोगी प्रौढांत ती साधारणपणे दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख भरते. या लाखो पेशी आकाराने, वयाने आणि कार्यक्षमतेने सारख्या नसतात, हे मात्र त्या संख्येतून कळत नाही.

इटलीतील तुरीनचे संशोधक जूलिओ बिझ्झोझेरो यांनी 1882 मध्ये, जिवंत प्राण्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे निरीक्षण करून, रक्तस्राव थांबवण्यातील प्लेटलेटचे कार्य दाखवले. प्लेटलेटचे हे कार्य मोजण्याची सोपी पद्धत हाती येण्यास मात्र 1962 साल उजाडले. औषधशास्त्रज्ञ गुस्ताव बॉर्न यांनी प्लेटलेटयुक्त गढूळ प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातील द्रव भागातून, प्रकाश सोडला. त्यात एडीपी हे प्लेटलेटना उत्तेजित करणारे रसायन मिसळताच प्लेटलेटचे पुंजके होतात, द्रव निवळतो आणि पलीकडे पोहोचणारा प्रकाश वाढतो. ही पद्धत आजही वापरात आहे, परंतु तिच्यातून मिळते ती संपूर्ण समूहाची सरासरी. कोणती प्लेटलेट तत्पर आणि कोणती मंद, हे ती सांगू शकत नाही.

संशोधक सायमन कारपॅटकिन यांनी 1969 मध्ये सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे नमुना वेगाने फिरवणाऱ्या यंत्राच्या, साहाय्याने मोठ्या, जड आणि लहान, हलक्या प्लेटलेट वेगळ्या केल्या. मोठ्या प्लेटलेट अधिक क्रियाशील आढळल्या आणि त्याच वयाने तरुण असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. पुढे बबून माकडांवरील प्रयोगांनी आकार आणि वय यांची ही सांगड अमान्य केली. माझ्या मते या क्षेत्रातील हा सर्वांत बोधप्रद वाद आहे, कारण मोजता येणारा गुणधर्म म्हणजेच मूळ कारण, असे गृहीत धरण्याचा धोका त्यातून स्पष्ट होतो. शिवाय नमुना हाताळण्यातूनही फरक निर्माण होतो: ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या नळीत ठेवलेल्या प्लेटलेट हळूहळू फुगतात, त्यामुळे तपासणीस उशीर झाल्यास सरासरी आकारमान वाढलेले दिसते.

1980 च्या दशकात फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन तपासण्याची पद्धत, रुळली आणि एकेका पेशीची स्वतंत्र नोंद शक्य झाली. प्रतिपिंडांना चमकणारी रंगद्रव्ये जोडून, लेझरसमोरून जाणाऱ्या प्रत्येक प्लेटलेटवर पी-सिलेक्टिन (प्लेटलेट उत्तेजित झाल्यावर तिच्या पृष्ठभागावर येणारे प्रथिन) प्रकटले आहे की नाही, हे पाहता येऊ लागले. नव्याने तयार झालेल्या प्लेटलेटमध्ये आरएनए (प्रथिने बनवण्याचा संदेश वाहणारा रेणू) शिल्लक असतो. त्याला चिकटणाऱ्या रंगद्रव्यामुळे वयाचा अंदाजही आकारावर विसंबून न राहता बांधता येतो. प्लेटलेट कमी झालेल्या रुग्णात अस्थिमज्जेचे उत्पादन मंदावले आहे की तयार पेशी बाहेर नष्ट होत आहेत, हे ठरवण्यास अशा नव्या प्लेटलेटच्या मोजणीची मदत होते.